उंबऱ्यावरून घेतलेला फोटो

गौरी जेवायच्या दिवशी दुपारचे बारा वाजून गेले होते. शेवटच्या चार पोळ्या लाटायच्या राहिल्या होत्या आणि माझा फोन रव्याच्या डब्याला टेकवून स्पीकरवर ठेवलेला होता. पलीकडे आत्याबाई. म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण, वय पंच्याहत्तरीच्या पुढे, मुक्काम वाई. गुडघ्यांमुळे त्यांना आता पुण्याला गौरींना येणं जमत नाही, पण हातात फोन आल्यापासून सगळ्या गोतावळ्याचे स्टेटस त्या रोज सकाळी पोथी वाचावी तशा बसून वाचतात. ‘ते धाकटीनं काय लावलंय स्टेटसला, बघितलंस का गं?’ बघितलं होतं. धाकटी म्हणजे माझी पुतणी, मोठ्या जाऊबाईंची मुलगी, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला. तिनं दाराच्या चौकटीतून काढलेला फोटो लावला होता. पुढे उंबरा, त्यावर रांगोळीची पावलं, वर तोरणाची कड, आणि लांब आत, दिव्यांच्या माळांमध्ये, भरजरी नेसलेल्या दोघीजणी. खाली ओळ: ‘यंदाचं दर्शन उंबऱ्यावरून. गौरींच्या जोडीनं माझीही आली.’ पुढे लाल थेंबाचं चित्र.

मी हात पिठाचे तसेच ठेवून मनातल्या मनात वकिली सुरू केली. आजकालच्या मुली असंच बोलतात, त्यात वाईट काय, वगैरे. सगळी वाक्यं तयार होती. आत्याबाईंनी विचारलं भलतंच.

‘गोळ्या घेतल्या नव्हत्या होय तिनं?’

पुढे त्या पुरणाला चणाडाळ कुठली घेतली ते विचारायला लागल्या. मला मात्र त्या प्रश्नानं दिवसभर सोडलं नाही. सवाष्णींची पानं वाढताना, विडे लावताना, रात्री फुगड्यांचा धुमाकूळ चालू असताना तो मध्येच डोकं वर काढत राहिला. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या बाईला भाच्याच्या मुलीनं पाळीबद्दल जगजाहीर लिहिल्याचं काही वाटलं नव्हतं. तिला आश्चर्य वाटलं होतं ते नियोजन चुकल्याचं.

आमच्या घरात श्रावण लागला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनानं बारीक टिंबं पडायची. कुणाचं टिंब कुठलं हे पाडणारीलाच माहीत. भाद्रपदातले ते तीन दिवस आणि ते टिंब यांच्यात किती अंतर आहे हे बघून कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जायचं. दुकानदार चिठ्ठी मागायचा नाही. ‘गौरींचं ना?’ एवढंच म्हणायचा आणि पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचा. पाळी पुढे ढकलायची गोळी: नॉरएथिस्टेरॉन, 5 मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, तारखेच्या तीन दिवस आधीपासून. हे मला कुठल्या डॉक्टरनं सांगितलं नाही, जाऊबाईंनी सांगितलं, त्यांना सासूबाईंनी. पहाटे आवाहनाच्या तयारीला उठायचं, चहाबरोबर पहिली गोळी. डोकं जड, छाती भरून आल्यासारखी, जिभेला कसलीच चव नाही, आणि आपण सोळा भाज्या चिरतोय. विसर्जन झालं की गोळ्या बंद, आणि दोन-तीन दिवसांत घरातल्या सगळ्या बायका एकदम आडव्या. पुरुषांना वाटायचं, सणाचा शीण आहे. तसा तो होताही.

ती पट्टी कुठे ठेवलेली असायची? देवघराखालच्या खणात. वातींचा पुडा, कापराची डबी, जानव्यांची जुडी, आणि त्यांना चिकटून ती चंदेरी पट्टी. ज्या गोष्टीची सावलीही देवावर पडू द्यायची नाही, तिचा बंदोबस्त देवाच्या पायाशीच. मी लग्न होऊन आले तेव्हा तो खण उघडल्यावर मला हसू आलं होतं. नंतर माझाही हात सवयीनं तिथेच जायला लागला.

हे सगळं आम्ही ‘पाळीबद्दल बोलणं’ ह्या सदरात कधीच धरलं नाही. आमच्या पिढीला विचारलं तर आम्ही सांगू, छे, आमच्या वेळी कुणी बोलायचं नाही. बोलायचो की! मात्रा, वेळा, त्रास, उपाय, सगळं बोलायचो. फक्त ते बोलणं स्वयंपाकघराच्या बाहेर जायचं नाही आणि त्यात कुणाला प्रश्न विचारायची सोय नव्हती. ‘घ्यायचीच का?’ हा प्रश्न मी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही.

तो प्रश्न धाकटीनं विचारला, आणि तोही स्वयंपाकघरात नव्हे. 2025च्या ऑगस्टमध्ये, ऐन गणपतीच्या तोंडावर, रक्तवाहिन्यांच्या एका डॉक्टरांच्या मुलाखतीचा तुकडा सगळीकडे फिरत होता. अठरा वर्षांची मुलगी, घरात पूजा म्हणून पाळी लांबवायच्या गोळ्या घेतलेल्या, पाय दुखतोय आणि सुजलाय म्हणून आली. शिरेत मोठी गुठळी. लगेच दाखल करा म्हटलं तर घरचे म्हणाले सकाळी आणतो. आणि रात्रीतच ती गेली. त्यावर इतर स्त्रीरोगतज्ज्ञांचेही तुकडे आले. त्यांचं म्हणणं, औषध जुनं आहे, बहुतेकींना काही होत नाही, पण कुणाच्या घरात गुठळ्यांचा इतिहास असतो, कुणी आधीच दुसऱ्या संप्रेरकाच्या गोळ्या घेत असते, कुणी सिगारेट ओढत असते. न विचारता, न तपासता घेऊ नका. धाकटीनं हे सगळे तुकडे आमच्या जावा-नणंदांच्या ग्रुपवर टाकले. ग्रुपवर शांतता. मग कुणीतरी मोदकांच्या कळ्यांचा व्हिडिओ टाकला. पण त्या वर्षी जाऊबाई मेडिकलच्या पायऱ्या चढल्या नाहीत, हे मी बघितलं. इतक्या वर्षांची आमची परंपरागत वैद्यकी दीड मिनिटाच्या एका रीलनं मोडीत काढली.

तर, गोळी नाही. पण उंबरा होताच. मी पोळीचं ताट घेऊन तिच्या खोलीत गेले तेव्हा ती पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून लॅपटॉपवर काहीतरी बघत होती. म्हटलं, एवढं जगाला सांगितलंस, मग दोन पावलं टाकून आत का नाही आलीस? ‘काकू, सणासुदीला आईशी भांडायला वेळ कुणाला आहे?’ असं म्हणून तिनं पोळीवर तूप ओतलं. वर म्हणाली, ‘आणि खरं सांगू? दोन दिवस कुणी कामाला हात लाव म्हणालं नाही. मला चाललं.’

ह्यावर काय बोलायचं, मला सुचलं नाही. अजूनही फारसं सुचलेलं नाही.

तेव्हापासून मी मुलामुलींचं हे पाळीपुराण जरा लक्ष देऊन बघायला लागले. एकदा दोन-चार रील शेवटपर्यंत बघितले की पुढचे आपोआप येत राहतात, ओसरायचं नाव नाही. तर त्यात काय काय असतं! हॉस्टेलच्या खोलीत दुसऱ्या दिवशीचा अवतार दाखवणारी मुलगी असते, केस पिंजारलेले, कपाळाला बाम, ‘आज माझ्याशी कुणी बोलायचं नाही’. काचेचा पेला घेऊन मेन्स्ट्रुअल कप कसा दुमडायचा ते अस्सल वऱ्हाडीत समजावणारी असते. तिचं ‘घाबरू नको वं माय’ ऐकून मला तिचा पत्ता शोधून तिला साडी-चोळी करावीशी वाटली. आळशीच्या आणि भोपळ्याच्या बिया पंधरा दिवस, तीळ आणि सूर्यफुलाच्या बिया पुढचे पंधरा दिवस खाल्ल्या की पीसीओएस, म्हणजे पाळी अनियमित करणारा तो संप्रेरकांचा विकार, पळून जातो, असं छातीठोक सांगणारी असते, आणि खाली त्याच बियांची बरणी विकणारा दुवा असतो. कॉलेजच्या गॅदरिंगमधलं ते यंत्रही हल्ली सगळीकडे आहे. पोटाला दोन चिकट पट्ट्या लावायच्या, वीज सोडायची, आकडा वाढवत न्यायचा. मुलगा सहा-सातवर ओरडत खाली बसतो, शेजारी मैत्रीण दहावर आकडा ठेवून च्युइंगम चघळत उभी. मी हसले. मनापासून हसले. मग वाटलं, एवढ्या पिढ्या बायका ‘दुखतंय’ म्हणत होत्या ते पुरेसं नव्हतं. मुलाच्या चेहऱ्यावर उमटल्यावर ते दुखणं ठरलं.

आणि ह्या सगळ्याच्या मधोमध, त्याच झोकात, तसाच मोठा माइक तोंडासमोर धरून, पंचविशीतला एक देखणा मुलगा असतो. तो म्हणतो, पाळीत देवळात जायचं नाही ह्यामागे विज्ञान आहे. अपान वायू खाली वाहतो, मंदिरातली ऊर्जा वर खेचते, म्हणून स्त्रीच्याच भल्यासाठी. खाली शेकडो बदामांची रास, त्यात मुलीही कमी नाहीत. ‘नवी पिढी’ असं सरसकट म्हणताना माझी जीभ अडखळते ती ह्याच्यामुळे. माझी आजी सरळ म्हणायची, विटाळ आहे, लांब बस. तिच्याशी निदान भांडता यायचं. ह्या मुलाशी भांडायला गेलं तर तो ‘नासानं सिद्ध केलंय’ असं म्हणतो.

इथे प्रथेप्रमाणे मी माझ्या लहानपणी कावळा शिवल्याची गोष्ट सांगायला हवी. सांगत नाही. माझ्या वयाच्या प्रत्येकीनं ती कुठे ना कुठे लिहून झाली आहे. मला त्यापेक्षा वास आठवतो. श्रावणातल्या झडीत कपड्याच्या घड्या वाळायच्या नाहीत. त्या बाहेर उन्हात कधी पडायच्याच नाहीत, पण उन्हाळ्यात निदान गोठ्यामागच्या दोरीवर, परकराच्या आत लपून का होईना, कडक व्हायच्या. पावसाळ्यात त्या चुलीमागच्या खुंटीला, धुरात. दमट सुती कापड, धूर, शेण आणि किंचित लोखंडासारखं काहीतरी. ते तसंच अर्धं ओलं कापड पुन्हा घ्यायचं, आणि त्यावर शाळेपर्यंत दोन मैल चालायचं. मांड्या सोलवटायच्या, मग खोबरेल. पुढे टीव्हीवर निळं पाणी ओतणारी जाहिरात आली आणि वडील नेमके तेव्हाच पाणी प्यायला उठायला लागले, तोवर मी कॉलेजात गेले होते. हा वास एकाही रीलमध्ये नाही, आणि नाही हे उत्तमच. तरी कधीकधी त्या चकचकीत पुड्या बघताना मला धुरकट खुंटी दिसते आणि क्षणभर उगीचच राग येतो. कुणाचा, ते ठरत नाही.

मोठ्या घोषणांचे दिवस मी पाहिले आहेत. 2015 साली इन्स्टाग्रामनं एका तरुण कवयित्रीचा, झोपलेल्या पाठमोऱ्या बाईच्या कपड्यावर डाग असलेला फोटो काढून टाकला आणि गदारोळ झाल्यावर परत लावला. त्याच वर्षी शबरीमलाच्या देवस्वम मंडळाच्या अध्यक्षांनी बायकांची शुद्धता तपासणाऱ्या यंत्राची भाषा केली, तेव्हा पंजाबातल्या एका विद्यार्थिनीनं ‘हॅपी टू ब्लीड’ ही मोहीम सुरू केली आणि मुली हातात पॅडवर लिहिलेले मजकूर घेऊन फोटो टाकायला लागल्या. 2017च्या जुलैत सॅनिटरी नॅपकिनवर 12 टक्के जीएसटी बसला, टिकलीवर-सिंदुरावर शून्य. वर्षभर ओरड झाली आणि 2018च्या जुलैत तो कर गेला. त्या लढायांचं मोल आहेच. पण घोषणा वाचून माझ्या अंगावर काटा आला असेल, माझ्या घरातल्या कॅलेंडरवरची टिंबं काही हलली नाहीत. ती हलवली एका कंटाळवाण्या माहितीनं. म्हणून मला धाडसी पोस्टपेक्षा निरस प्रश्नांची जास्त ओढ लागली आहे.

एक मराठी स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत, आठवड्यातून एकदा इन्स्टाग्रामवर प्रश्नांची चौकट उघडतात. नाव उघड होत नाही, फक्त प्रश्न दिसतो आणि खाली त्यांचं दोन ओळींचं उत्तर. पाळीत पोहलं तर तलावात रक्त येतं का? कप आत हरवतो का? लोणच्याला हात लावला तर खरंच बुरशी येते का, कारण मागच्या महिन्यात खरंच आली. (उत्तर: चमचा ओला होता का ते बघ.) वीस दिवसांत आली तर चालतं का? गाठी केवढ्या आल्या तर डॉक्टरकडे जायचं? डॉक्टरांनी लिंबाएवढ्या की चिंचोक्याएवढ्या असं विचारलं, तेव्हा मला त्या एकदम आपल्या वाटल्या. मुलगे विचारतात: बायको त्या दिवसांत माझ्यावर ओरडते ते खरं असतं की हार्मोन? (उत्तर: ती काय म्हणाली ते आधी ऐका.) रघुनाथ धोंडो कर्व्यांनी 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक आरोग्यावरचं मासिक काढलं तेव्हा त्यांच्याकडेही अशीच पत्रं यायची, लाजत, अडखळत, नाव न घालता, आणि ते कोरडेपणानं, कुणाची भीड न ठेवता छापील उत्तर द्यायचे. त्यांच्यावर खटले झाले. ह्या बाईंना फक्त शिव्या पडतात, ‘डॉक्टरकी करा, संस्कृती बुडवू नका’ वगैरे. जवळपास शंभर वर्षांत एवढी प्रगती झाली म्हणायला हरकत नाही.

त्या चौकटीतला एक प्रश्न मी कापून ठेवला आहे. ‘मॅडम भावाच्या फोनवरून विचारते. तीन महिने झाले आली नाही. लग्न झालेलं नाही आणि तसं काही नाही, तसं काही नाही. उत्तर स्टोरीतच द्या, मेसेज नको.’ ‘तसं काही नाही’ हे दोनदा लिहिलेलं होतं. डॉक्टरांनी उत्तर दिलं: रक्त कमी असेल, वजन एकदम घटलं असेल, थायरॉइड असेल, ताण असेल, सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगाची ओपीडी असते, केसपेपर काढ, कुणालाही सोबत न्यायची सक्ती नाही. मी ते वाचलं आणि माझ्या मनात आलं, स्टोरी चोवीस तासांत जाते. तोवर भावाचा फोन तिच्या हाती पुन्हा आला असेल का?

कारण फोन कुणाच्या हातात आहे ह्यावर सगळं येऊन ठेपतं. 2025च्या जुलैत शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले, म्हणून मुलींना सभागृहात जमवलं, त्या डागांचे फोटो पडद्यावर दाखवले आणि कुणाला पाळी आली आहे म्हणून मुलींचे कपडे काढून तपासलं. मुख्याध्यापिका आणि शिपाईबाईंना अटक झाली. मुंबईपासून लोकलच्या अंतरावर. त्या बातमीखाली मुलींनी आपापल्या शाळेतलं लिहायला सुरुवात केली तेव्हा मला ते वाचवेना: पीटीच्या सरांनी सगळ्यांसमोर विचारलेलं कारण, डाग पडला म्हणून बाकावर बसू न दिलेला तास, दफ्तर मागे धरून घरी पळालेली मुलगी. ही सगळी वाक्यं आधी कुठे होती? माझ्या वर्गातल्या एका मुलीनं आठवीत शाळा सोडली, आम्ही समजलो लग्न ठरलं असेल.

पाळीच्या रजेवरून तर दर काही महिन्यांनी युद्ध पेटतं. 2023च्या डिसेंबरात तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं की पाळी म्हणजे काही अपंगत्व नव्हे, वेगळ्या भरपगारी रजेची गरज नाही. मग आठवडाभर रीलची लढाई. कर्नाटक मंत्रिमंडळानं 2025च्या ऑक्टोबरात वर्षाला 12 दिवसांची भरपगारी रजा मंजूर केली, पुन्हा लढाई: रजा दिली तर बायकांना नोकरीवर कोण घेणार? दोन्ही बाजूंच्या मुली हुशार, मुद्दे चोख, आणि दोन्हीकडच्यांच्या मागे भिंतीवर मनीप्लांटची कुंडी. मला मात्र दर वेळी बीडचे ऊसतोड मजूर आठवतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून दिवाळीआधी उचललेली रक्कम, आणि पुढचे पाच-सहा महिने फडात. एक दिवस बसलं की खाडा. मजुरी तर जातेच, वर दंड उचलीत मिळवतात. राहायला पालाची कोपी, संडास नाही, पाणी लांब, आणि पहाटे चारला मोळ्या बांधायला उभं राहायचं. ह्यावर उपाय काय निघाला, तर गर्भाची पिशवीच काढून टाकणं. 2019 साली हे बाहेर आल्यावर राज्य सरकारनं समिती नेमली. पाहणी केलेल्या 82 हजारांवर ऊसतोड बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. बऱ्याचजणी तिशी-पस्तिशीतल्या. पाळीच्या रजेचा असा अर्ज दुसऱ्या कुठे मंजूर होत नसेल.

गंमत अशी, की फडातही आता फोन पोचला आहे. ऊसतोडीच्या कोवळ्या जोडप्यांचे रील मी बघते. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी मुलगी, मागे गाण्याचा ठेका, ती वर पोचली की कॅमेऱ्याकडे बघून खळखळून हसते. खाली कॉमेंट: ‘कष्टाची भाकरी’, ‘सलाम ताई’, ‘वाघीण’. ती स्वयंपाक दाखवते, बैलांना अंघोळ घालते, लेकराला झोळीत हलवते, सगळं दाखवते. पाळी दाखवत नाही. ते तिला कुणी शिकवलं नाही म्हणून, की ती माझ्या पुतणीपेक्षा शहाणी आहे म्हणून, मला सांगता येत नाही. ‘वाघीण’ म्हणणाऱ्या त्या दहा हजार लोकांसमोर ती काय म्हणून सांगेल?

दिवाळीत आम्ही सगळे वाईला गेलो. अंगणात आकाशकंदील लावताना धाकटीनं सहज विषय काढला की ऋषिपंचमीला सगळीकडे भाजीचेच रील असतात, ती नेमकी असते कशासाठी? खरंच, भाद्रपदात फोन उघडला की ऋषीची भाजी: अळू, लाल माठ, सुरण, भेंडी, अंबाडी, मक्याची कणसं, बैलाच्या कष्टाचं काही नको, वर खोबरं, मातीच्या भांड्यात, मागे बासरी. ‘किती हेल्दी होते आपले पूर्वज!’ कशासाठी, हे कुणीच सांगत नाही. आत्याबाई ओसरीवर चिवड्याला शेंगदाणे निवडत होत्या. म्हणाल्या, ‘बस, सांगते.’ आणि कहाणी सांगितली. बाईनं पाळीत घरात शिवाशीव केली, त्या दोषानं पुढच्या जन्मी ती कुत्री झाली आणि नवरा बैल. दोघं आले आपल्याच मुलाच्या दारात. श्राद्धाच्या दिवशी खिरीत सापानं विष टाकलं ते कुत्रीनं बघितलं, ब्राह्मण मरू नयेत म्हणून खिरीला तोंड लावलं, आणि सुनेनं जळकं लाकूड घेऊन तिला बडवलं. रात्री ती बैलाजवळ रडली, मुलानं ऐकलं, ऋषींना विचारलं, ऋषींनी व्रत सांगितलं.

धाकटीनं तोवर फोन चालू केला होता. ‘म्हणजे आजी, तिनं सगळ्यांचा जीव वाचवला आणि मार तिलाच?’

‘हो.’

‘आणि नवरा बैल का? त्यानं काय केलेलं?’

‘काही नाही. बायकोच्या चुकीची शिक्षा नवऱ्याला झाली अशी हीच एक गोष्ट मला ठाऊक आहे,’ आत्याबाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. मग शेंगदाण्यातला खडा काढून बाजूला टाकत, कुणी न विचारता म्हणाल्या, ‘मी गोळ्या खाऊन खाऊन गौरी जेवू घातल्या. पाळी गेल्यावर सात वर्षं ऋषिपंचमी केली, उद्यापन केलं. म्हणजे चूक होऊ पण दिली नाही आणि प्रायश्चित्तपण घेतलं. दोन्ही कशाला केलं म्हणशील, तर मला तेव्हा कुणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.’ काही क्षण गप्प बसून त्यांनी विचारलं, ‘हे किती लोक बघतात?’ धाकटी म्हणाली, कमी असतील तर शंभर, चाललं तर लाखभर. ‘मग थांब, पदर नीट घेते. पहिल्यापासून सांगू का?’

पहिल्यापासून सांगितलं. रील चाललं, आमच्या अंदाजापेक्षा बरंच. खाली अपेक्षेप्रमाणे रणधुमाळी. एक म्हणाला, धर्माची टिंगल. एकीनं लिहिलं, माझ्या आजीनं हेच केलं आणि कधी बोलली नाही. एकानं अपान वायू आणला. दोघातिघींनी गोळ्यांचं नाव विचारलं, त्यांना धाकटीनं आधी डॉक्टरला विचारा म्हणून सुनावलं. जाऊबाईंनी ते रील बघितलं की नाही हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही, पण त्यांच्या खात्याचा बदाम त्यावर आहे. आणि ह्या सगळ्या गर्दीत सगळ्यात जास्त पसंती कुठल्या कॉमेंटला मिळावी? ‘आजी, त्या भाजीत मीठ कुठलं घालता?’

धाकटीनं फोन लावून आत्याबाईंना हे वाचून दाखवलं. मला वाटलं त्या चिडतील. त्या म्हणाल्या, ‘सैंधव. त्या दिवशी साधं चालत नाही. आणि त्या पोरीला लिही, अळूची देठं सोलून घे आणि चिंच घालायला विसरू नकोस, नाहीतर घरभर सगळ्यांचे घसे खाजतील.’